जस्त, फॉस्फरस आणि पद्मिनीचा कॅम

जुनी गाडी हौसेने बाळगणारा माणूस ऑइल घ्यायला गेला की बहुधा एवढंच म्हणतो, "सगळ्यात चांगलं द्या." दुकानदारही गिऱ्हाइकाचा मान राखतो आणि सगळ्यात महागाचा कॅन पुढे सरकवतो. फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०, मागच्या लेबलावर एपीआय एसपी हा दर्जा. आजच्या गाडीला ते ऑइल उत्तमच आहे. पण प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं मूळ फियाटच्या १९३७ सालच्या गाडीत आहे, आणि ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं पन्नासच्या दशकातलं बी-सिरीज. अशा इंजिनाच्या चेंबरमध्ये तो कॅन रिकामा केला की खिसा तेवढा हलका होतो. ज्या जोडीला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, ती कॅम आणि टॅपेटची जोडी मात्र पूर्वीपेक्षा उघडी पडते.

इंजिनातले सगळे भाग सारख्या सुखात नसतात. क्रँकशाफ्ट तसा नशीबवान. पंपाने दाबाखाली पाठवलेलं ऑइल त्याच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि शाफ्ट फिरायला लागला की त्या ऑइलची पातळ पाचर त्याला उचलून धरते. चालू इंजिनात तिथे धातू धातूला जवळपास शिवतच नाही. कॅमशाफ्टवरच्या लोबला ही चैन नाही. लोब टॅपेटच्या तळावरून घासत जातो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर वाल्वला. वाल्वची स्प्रिंग हा सगळा लवाजमा परत खाली दाबत असते. लोबचं नाक टॅपेटखाली येतं तेव्हा दोघांचा स्पर्श जेमतेम एका रेघेपुरता उरतो आणि त्या रेघेवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला काही टनांत मोजावा लागतो. एवढ्या दाबाखाली ऑइलचा थर टिकत नाही, पिळून बाहेर पडतो.

त्यातून कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर कॅम चारशेच घेतो, आणि बऱ्याच इंजिनांत लोबवर येणारं ऑइल म्हणजे क्रँकने उडवलेले शिंतोडे. म्हणून कॅमचे सर्वांत वाईट दिवस गाडी दामटताना येत नाहीत. ती गेटपाशी उभी राहून गुरगुरत असते तेव्हा येतात. वेग वाढला की टॅपेट-पुशरॉडचं जडत्व स्प्रिंगचा थोडा भार नाकावरून उतरवतं आणि शिंतोडेही भरपूर उडतात. "रविवारी दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवतो" असं अभिमानाने सांगणारे मालक नेमकं तेच करत असतात, जे कॅमला सोसत नाही.

सपाट टॅपेट म्हणतात तो बहुतेक इंजिनांत पुरता सपाट नसतोच. त्याचा तळ मध्यभागी मिलिमीटरच्या काही शतांशांनी फुगीर घासलेला असतो आणि लोबला एका बाजूला किंचित उतार दिलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटला उचलता उचलता थोडा फिरवतोही, आणि घासण्याची जागा सारखी बदलत राहते. इंजिन उघडल्यावर टॅपेट उलटा करून उजेडात धरावा. फिरत राहिलेल्या टॅपेटच्या तळावर एकाआत एक अशी पुसट वर्तुळं दिसतात. फिरणं बंद झालेल्या टॅपेटवर एकच आडवी पट्टी चमकते आणि नख फिरवलं तर मध्ये खळगा लागतो. दोन टॅपेट तळाला तळ लावून धरले आणि ते किंचित डुलले, तर फुगीरपणा शिल्लक आहे. घट्ट बसले किंवा मधून उजेड दिसला, तर ते भंगारात गेले.

आता प्रश्न असा की ऑइलचा थर टिकत नाही, तरी हे इंजिन लाख लाख किलोमीटर कसं चालतं? उत्तर आहे झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी. गॅरेजमध्ये आणि हौशी मंडळींत त्याला नुसतं झिंक म्हणतात. १९४०च्या दशकात ते ऑइलमध्ये आलं ते वेगळ्याच कामासाठी. तांबं आणि शिसं यांच्या मिश्रणाची बेअरिंगं तेव्हा ऑइलमधल्या आम्लांनी खाल्ली जात होती, आणि हे रसायन ऑइल आंबू न देता बेअरिंग वाचवत होतं. पन्नासच्या दशकात अमेरिकी गाड्यांत कडक स्प्रिंगांची मोठी व्ही-८ इंजिनं आली आणि कॅम घासायला लागले, तेव्हा लक्षात आलं की हेच रसायन कॅमलाही तारतं. मग त्याचं प्रमाण वाढवण्यात आलं.

त्याची काम करण्याची रीत बघण्यासारखी आहे. ऑइलमध्ये ते नुसतं विरघळून राहतं. जिथे उष्णता आणि दाब दोन्ही चढतात तिथेच ते फुटतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसवतं. हा थर साधारण शंभर नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट पातळ. घासला जातो तो हा थर, खालचं लोखंड नाही. आणि घासला गेला की त्याच जागी पुन्हा बसतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एन. एन. गोस्वामी, रॉबर्ट कारपिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई ऑइलमध्ये बुडवून पृष्ठभागावर घासली आणि हा थर डोळ्यांदेखत वाढताना पाहिला. २०१५ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी दाखवलं की सुईवरचा दाब वाढवला की थराची वाढ झपाट्याने होते. म्हणजे जिथे गरज तिथेच मलम, आणि तेही आपोआप.

यातलं झीज रोखणारं मुख्य द्रव्य फॉस्फरस आहे. जस्त त्याच्याबरोबर येतं, आणि साधारणपणे फॉस्फरसपेक्षा थोडंसं जास्त भरतं. म्हणून माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा शोधावा. तो टक्क्यांत किंवा पीपीएममध्ये दिलेला असतो, ०.०८ टक्के म्हणजे ८०० पीपीएम.

हेच फॉस्फरस गाडीच्या दुसऱ्या टोकाला वैरी ठरलं. १९७५च्या मॉडेलपासून अमेरिकेत बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोलही आलं. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमच्या पृष्ठभागावर धुराचं शुद्धीकरण होतं. इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, आणि त्यातलं फॉस्फरस त्या पृष्ठभागावर साचून तो झाकून टाकतं. सरकारने कन्व्हर्टरच्या आयुष्याची हमी वाढवायला लावली तशी मोटार कंपन्यांनी ऑइलमधल्या फॉस्फरसला कात्री लावली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ०.१२ टक्क्यांपर्यंत मुभा होती, पुढे ती ०.१०वर आली, आणि २००४च्या अखेरीस एपीआय एसएम दर्जा आला तेव्हा वरची मर्यादा ०.०८ टक्के ठरली. कंपन्यांना त्याची झळ लागत नव्हती. नव्या इंजिनांत कॅम आता रोलरवरून फिरत होते किंवा स्प्रिंगा हलक्या झाल्या होत्या. झळ लागली ती जुन्या इंजिनांना. अमेरिकेत त्या सुमाराला ताज्या बांधलेल्या व्ही-८ इंजिनांचे कॅम पहिल्या काही तासांतच उतरल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि 'झिंक काढलं, इंजिनं मेली' हे वाक्य हौशी जगात वेदवाक्य होऊन बसलं.

ते वाक्य अर्धंच खरं आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यावर बाटल्या विकल्या जातात. एसएम दर्जासाठी ज्या चाचण्या होत्या त्यांतली एक, सीक्वेन्स थ्री-जी, मुद्दाम सपाट टॅपेट बसवलेल्या जनरल मोटर्सच्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनावरच घेतली जात असे. ऑइल १५० अंश सेल्सियस, इंजिन भाराखाली, आणि असं शंभर तास. शेवटी कॅम आणि टॅपेट मिळून सरासरी झीज ६० मायक्रॉनच्या आत असेल तरच ऑइल पास. कमी फॉस्फरसची ऑइलंही ती परीक्षा पास झाली, कारण रसायनतज्ज्ञांनी झेडडीडीपीच्या जोडीला दुसरी द्रव्यं बसवली होती. मग उतरलेले कॅम कोणाचे? बरेचसे होते शर्यतीच्या हौसेने दुप्पट कडक स्प्रिंगा घातलेल्या इंजिनांचे, किंवा नव्या, अजून रुळायच्या कॅमचे. शिवाय त्या काळात बाजारात आलेल्या स्वस्त टॅपेटांचा तळ धड कठीण केलेला नसायचा, असं कॅम घासणाऱ्या कारागिरांचंच म्हणणं होतं. दोष ऑइलवर टाकणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पद्मिनी, ॲम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड ही सौम्य माणसं. त्यांच्या स्प्रिंगा मूळच्या असतील तर कॅमवरचा भार अमेरिकी व्ही-८च्या मानाने माफक असतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीकडे बघा. २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा गाठून ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून थांबली, म्हणजे एसएम, एसएन, एसपी हे तिन्ही दर्जे येऊन गेले तेव्हाही या टॅक्सी रस्त्यावर होत्या. त्यांच्या इंजिनात कोणी विलायती झिंकची बाटली रिचवत नव्हतं. साधं, घट्ट मल्टिग्रेड ऑइल असायचं आणि गाडी रोज तापायची.

त्या घट्टपणातच एक गोष्ट दडलेली आहे, जी 'झिंक गेलं' म्हणून हळहळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. फॉस्फरसची ०.०८ची मर्यादा सगळ्या ग्रेडना नाही. ती आहे इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडना: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑइलवर एसएम, एसएन किंवा एसपी लिहिलेलं असलं तरी त्यांना ही वरची मर्यादा लागू होत नाही, फक्त ०.०६च्या खाली जायचं नाही एवढंच बंधन असतं. त्यामुळे त्यांत फॉस्फरस किती घालायचं हे बनवणाऱ्यावर आहे, आणि बरेच जण १०००च्या आसपास किंवा वर ठेवतात. पद्मिनीला मुंबईच्या किंवा नागपूरच्या हवेत २०डब्ल्यू-५० अगदी योग्य. लेबलावरचा दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा. ५० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना ३० ग्रेडपेक्षा बरंच दाट राहतं. पहिला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा, आणि आपल्याकडे त्याची फिकीर महाबळेश्वरलाही फारशी करावी लागत नाही. इंजिन नुकतंच बांधलेलं आणि घट्ट असेल तर २०डब्ल्यू-४० घ्यावं. बोअर सैल झालेल्या, धूर काढणाऱ्या इंजिनाला ५०.

यापुढे लेबल मागून वाचावं. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'क्लासिक' छापलेलं असतं, त्याने काहीच सिद्ध होत नाही. मागे ग्रेड आणि एपीआयचा दर्जा बघावा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या डेटा शीटमध्ये फॉस्फरसचा आकडा सापडतो का ते पाहावं. १००० ते १२०० पीपीएम असलं की मूळ स्प्रिंगांच्या जुन्या इंजिनाला भरपूर झालं. आकडा कुठेच दिलेला नसेल आणि शंका छळत असेल, तर वापरलेल्या ऑइलची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नव्या ऑइलचा नमुना पाठवता येतो. अहवालात जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम सगळं पीपीएममध्ये येतं.

ट्रक-डिझेलचं १५डब्ल्यू-४० जुन्या पेट्रोल गाडीत घालण्याचा सल्ला बरेच मिस्त्री देतात, आणि तो निराधार नाही. सीआय-४ दर्जात फॉस्फरसला वरची मर्यादा नव्हती. पुढचे सीजे-४ आणि सीके-४ हे दर्जे ०.१२पर्यंतच जाऊ देतात, कारण डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत फिल्टर आले. पण डिझेल ऑइलमध्ये काजळी धरून ठेवायला डिटर्जंट भरपूर असतं, आणि डिटर्जंटही त्याच लोखंडी पृष्ठभागावर जागा मागतं, जिथे झेडडीडीपीला थर बसवायचा असतो. त्यामुळे बाटलीवर फॉस्फरस जास्त म्हणून कॅमवर संरक्षण तितकंच जास्त, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. शिवाय वर्षानुवर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या आणि आत मळ साचलेल्या इंजिनात असं ऑइल एकदम घातलं, तर सुटलेला मळ पंपाच्या जाळीत अडकू शकतो. अशा इंजिनाचा चेंबर आधी उतरवून धुवावा, मग प्रयोग करावेत.

मोटरसायकलचं जासो एमए दर्जाचं ऑइल हा दुसरा पर्याय. त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांत असावं लागतं आणि क्लच घसरू नये म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं कमी असतात. २०डब्ल्यू-५० मिळालं तर पद्मिनीला चालण्यासारखं आहे, गिऱ्हाइकाला मोटरसायकलचं चित्र असलेला कॅन घेताना लाज वाटली नाही तर.

ऑइलमध्ये वरून ओतायच्या झिंकच्या बाटल्यांबद्दल माझं मत कडक आहे: गरज माहीत नसताना त्या ओतू नयेत. ऑइल हे बेतून केलेलं मिश्रण असतं, त्यात एका द्रव्याचा भार वाढवला की बाकीचा बेत बिघडतो. आणि जास्त म्हणजे चांगलं, हा नियम इथे उलटतो. फॉस्फरस ०.१४ टक्क्यांच्या पुढे गेलं की दीर्घकाळात झीज उलट वाढू लागते, आणि ०.२०च्या आसपास ते लोखंडाच्या कणांच्या सीमा पोखरून लोबचे टवके काढू शकतं, असं जनरल मोटर्समध्ये ऑइलवर काम केलेल्या अभियंत्याने लिहून ठेवलं आहे. आधीच ११०० पीपीएम असलेल्या ऑइलमध्ये अर्धी बाटली ओतून कोणी १८००वर नेत असेल, तर तो पैसे देऊन कॅम खराब करतो आहे. १९९५नंतर महानगरात घेतलेली, कन्व्हर्टर लावलेली गाडी असेल तर त्याचंही भान ठेवावं.

ऑइलच्या निवडीहून जास्त नुकसान करते ती गाडीची रिकामी उठबस. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम २०२१ साली आले. त्यांत अशा गाड्या रोजच्या वापरासाठी नाहीत असंच गृहीत धरलेलं आहे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्याही आता त्या वयाच्या झाल्या. महिना-दोन महिने उभी राहिली की लोबवरचं ऑइल निथळून जातं, कोकणात किंवा मुंबईत दमट हवेने टॅपेटच्या तळावर गंजाचे ठिपके उठतात, आणि पुढच्या स्टार्टला तो खरखरीत तळ लोबवर फिरतो. दहा मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनात पेट्रोलचा अंश आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि उडून जात नाही. म्हणून गाडी काढली तर पूर्ण तापेपर्यंत, वीस-पंचवीस किलोमीटर तरी फिरवावी. ऑइल किलोमीटरवर न बदलता वर्षाला एकदा बदलावं, आणि पावसाळ्यापूर्वी बदलून ठेवावं, म्हणजे आम्लाने आंबलेलं जुनं ऑइल चार महिने आत बसत नाही.

ज्या एका वेळी झेडडीडीपीची खरोखर जास्त गरज असते, ती वेळ म्हणजे नवा किंवा ग्राइंड करून आणलेला कॅम बसवल्यानंतरची पहिली वीस मिनिटं. तेव्हा दोन्ही पृष्ठभागांवर थर मुळीच नसतो आणि उंचवटे अजून रुळलेले नसतात. लोबला आणि टॅपेटच्या तळाला मोलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट चोपडून बसवावं. झिंकची बाटली घालायचीच असेल तर ती यावेळी. स्टार्ट करण्याआधी टायमिंग पक्कं, कार्बोरेटर पेट्रोलने भरलेला, रेडिएटर काठोकाठ, ऑइलचा दाब चढवलेला असावा, कारण नुसता स्टार्टर मारत बसलं तर पेस्ट पुसली जाते. इंजिन धरलं की लगेच दोन हजार आरपीएमवर न्यावं आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथेच थोडं वर-खाली ठेवावं. आयडलला सोडू नये, मिस्त्रीला आवाज ऐकायची कितीही घाई असली तरी. नंतर ते ऑइल गरम असतानाच काढून टाकावं आणि फिल्टरही बदलावा.

कॅम उतरल्याची शंका असेल, म्हणजे टॅपेट सेटिंग करूनही पुन्हा पुन्हा गॅप वाढतो आणि एका सिलिंडरची ओढ गेली आहे, तर ऑइल बदलून काही होत नाही. टॅपेट कव्हर काढून डायल गेज रॉकरवर लावावं, इंजिन हाताने फिरवून प्रत्येक वाल्वची उचल मोजावी आणि इनटेकची इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी ताडून पाहावी. एखादी अर्ध्या मिलिमीटरने कमी भरली तर तो लोब गेला. कॅम ग्राइंडिंगला देता येतो, पण त्याच्यावर जुने टॅपेट पुन्हा घालू नयेत. नवे घालावेत किंवा जुन्यांचा तळ घासून फुगीर करून घ्यावा. कॅम चांगला निघाला आणि इंजिन दुसऱ्याच कामासाठी उघडलं असेल, तर प्रत्येक टॅपेट ज्या लोबवरून काढला त्याच लोबवर परत गेला पाहिजे. त्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून वर आकडे घालावेत आणि काढताना एकेक टॅपेट आपापल्या भोकात ठेवावा.